चिठ्ठी मारेगावची, सरासरी देशाची

अ‍ॅझिथ्रोमायसिन 500, रोज एक, तीन दिवस. तापाची आणि अंगदुखीची मिळून एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल. शेवटी व्हिटॅमिनची एक. सर्दी, खोकला आणि दोन दिवसांची कणकण घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात पडणारी ही चार ओळींची चिठ्ठी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या मेडिकलवर दिसते, तशीच पुण्यातही दिसते. म्हणून मारेगावचा एखादा डॉक्टर देशातल्या सरासरी डॉक्टरपेक्षा जास्त औषधे लिहितो की कमी, हा प्रश्न सोपा वाटला तरी त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. ती सरासरी कोणाच्या चिठ्ठ्यांची आहे आणि तिला प्रमाण का मानायचे? माझे म्हणणे असे की डॉक्टरांच्या औषध लिहिण्याच्या सवयी मोजल्या पाहिजेत, अगदी तालुक्याच्या पातळीवर मोजल्या पाहिजेत. पण मोजमाप देशाच्या सरासरीशी केले, तर निर्दोष डॉक्टर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील आणि ज्याला जाब विचारायला हवा तो सुटेल.

आधी सरासरीचीच चौकशी करू. अँटिबायोटिक्सच्या वापराचे आपल्याकडचे बहुचर्चित आकडे तीन-चार ठिकाणांहून येतात. ‘लॅन्सेट’ समूहाच्या दक्षिण-पूर्व आशियाविषयक नियतकालिकात 2022 मध्ये आलेल्या अभ्यासाने 2019 सालच्या खासगी बाजारातल्या विक्रीचा हिशेब मांडला. देशात त्या वर्षी सुमारे 507 कोटी दैनिक मात्रांइतकी अँटिबायोटिक्स खपली आणि सर्वाधिक खपणारी एकच एक गोळी होती अ‍ॅझिथ्रोमायसिन 500. हा हिशेब सुमारे 9,000 घाऊक विक्रेत्यांच्या, म्हणजे स्टॉकिस्टांच्या, विक्रीवर बेतलेला आहे. माल कुठून निघाला ते त्यातून कळते. तो कोणत्या आजारावर गेला ते कळत नाही. दुसरा अभ्यास 2013-14 सालचा. त्यात खासगी डॉक्टरांकडून दर हजार लोकांमागे वर्षाला 412 अँटिबायोटिक चिठ्ठ्या लिहिल्या जातात असे निघाले, पण तोही बाजारपेठेचा अंदाज घेणाऱ्या कंपनीने केलेल्या डॉक्टर-पाहणीवर उभा होता. तिसरा आकडा राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात 20 मोठ्या संस्थांतल्या 9,652 दाखल रुग्णांची पाहणी झाली. त्यातल्या 71.9 टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होते आणि जंतूचे निदान पक्के करून दिलेल्या औषधांचे प्रमाण होते जेमतेम 6 टक्के. चौथी पाहणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची: 13 मोठ्या संस्थांतल्या बाह्यरुग्ण विभागांतून 4,838 चिठ्ठ्या तपासल्या आणि जवळपास 45 टक्के चिठ्ठ्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांपासून ढळलेल्या निघाल्या. त्यातल्या 475 चिठ्ठ्यांमधली चूक मुळीच स्वीकारण्याजोगी नव्हती. अनावश्यक लिहिलेल्या औषधांत पॅन्टोप्रॅझोल आघाडीवर होते.

यातल्या एकाही आकड्यात मारेगावसारख्या तालुक्याच्या गावाचा दवाखाना डोळ्यांपुढे येत नाही. दोन आकडे बाजाराचे आहेत, दोन मोठ्या रुग्णालयांचे. मारेगावात एक ग्रामीण रुग्णालय, भोवतालची प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे, आणि मुख्य रस्त्यालगतचे खासगी दवाखाने अशी उपचारांची सोय असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) ग्रामीण भारतात दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी सरकारी यंत्रणेच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा येतो. म्हणजे आपण ज्या चिठ्ठीविषयी बोलतो आहोत ती बहुतेक वेळा खासगी दवाखान्यातली असते. शिवाय, पुढे येईलच, ती पुष्कळदा चिठ्ठी नसतेच.

समजा हे सगळे बाजूला ठेवले आणि सरासरी अचूक आहे असे धरले. तरीही सरासरी म्हणजे काय होते आहे त्याचे वर्णन. काय व्हायला हवे ते तिच्यातून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निर्देशांकांप्रमाणे बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे दोनहून कमी औषधे आणि साधारण 20 ते 27 टक्के भेटींतच अँटिबायोटिक असावे अशी अपेक्षा धरली जाते. त्याच संघटनेने 2017 पासून अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली: नेहमीच्या वापराची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. एकूण वापरात पहिल्या गटाचा वाटा निदान 60 टक्के असावा हे उद्दिष्ट होते; 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने 2030 साठी ते 70 टक्क्यांवर नेले. आपल्या खासगी बाजारात 2019 मध्ये हा वाटा 27 टक्के होता आणि जपून वापरायच्या गटाचा जवळपास 55. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही दोन्ही या जपून वापरायच्या गटातली. त्यामुळे मारेगावच्या एखाद्या डॉक्टरचा आकडा देशाच्या सरासरीला तंतोतंत जुळला, तर त्याचा अर्थ एवढाच की देशाची वाईट सवय त्याच्याकडेही तेवढ्याच प्रमाणात आहे. त्याला शाबासकी देण्यासारखे त्यात काहीच नाही.

आता उलट बाजू. याच तालुक्यातला एखादा डॉक्टर सरासरीच्या कितीतरी वर गेला आणि तरीही त्याची प्रत्येक चिठ्ठी बरोबर असली, असे होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्याची कारणे इथल्या मातीत आहेत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, 20 हून अधिक माणसे गेली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागे आणि तोच अंगावर, तोंडावर येई. प्रोफेनोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झालेला माणूस रुग्णालयात येतो तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ गळत असते आणि छातीत पाणी भरल्यासारखी घरघर ऐकू येते. त्याला अ‍ॅट्रोपिन देतात. अ‍ॅट्रोपिनच्या एका लहान अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध असते. सुरुवात तीन अँप्युलने केली आणि दर पाच मिनिटांनी छाती मोकळी झाली का ते पाहत मात्रा दुप्पट करत गेले, तर तीन, सहा, बारा, चोवीस असे होऊन वीस मिनिटांच्या आत पंचेचाळीस अँप्युल एका माणसाला लागू शकतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत इथल्या रुग्णालयाचा अ‍ॅट्रोपिनचा खप देशाच्या सरासरीशेजारी ठेवला, तर तो आकडा भयंकर दिसेल. तो भयंकर आहेच, पण त्याचा दोष औषध देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

हेच सर्पदंशावरच्या प्रतिविषाचे, आणि हेच तापाचे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा ताप; चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरचे नशीब, नाहीतर निदान अवघड. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबणे धोक्याचे असल्याने डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करावे लागते, आणि गरोदर बाईला तर अ‍ॅझिथ्रोमायसिनच. म्हणजे पहिल्या परिच्छेदात जी गोळी अनावश्यक होती, तीच सप्टेंबरात धुऱ्यावरचे गवत कापून तापाने फणफणलेल्या गरोदर बाईच्या चिठ्ठीत प्राण वाचवणारी असते. सिकलसेलचेही तसेच. गोंड, परधान यांसह विदर्भातल्या अनेक समाजांत हा आजार आहे. तो असलेल्या बाळाला पाच वर्षांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन द्यायचे असते. अशी दहा बाळे नियमाने सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा अँटिबायोटिकचा आकडा वाढतो, तो त्याच्या कर्तव्यदक्षतेमुळे. कागदावर एक हिशेब करून पाहा. डॉक्टर एकच, सवय एकच: तापाच्या रुग्णांपैकी 60 टक्क्यांना आणि इतरांपैकी 20 टक्क्यांना तो अँटिबायोटिक देतो. एप्रिलमध्ये शंभरात तापाचे वीस आले, तर त्याचा आकडा 28 टक्के. सप्टेंबरात तापाचे पन्नास आले, तर 40 टक्के. डॉक्टर बदलला नाही, ऋतू बदलला.

सरासरीच्या खाली असणे हाही चांगुलपणाचा पुरावा नव्हे, आणि मला या सगळ्या प्रश्नात हीच बाजू सर्वांत दुर्लक्षित वाटते. औषधांच्या अतिवापराची चर्चा आपण इतकी करतो की न लिहिलेल्या औषधाचा हिशेब कोणी मागतच नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे निघाले की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले आणि ज्यांच्यासाठी राज्य सरकारने 2015 पासून मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प चालवला त्या चौदा जिल्ह्यांत जो आहे, त्या यवतमाळात नैराश्यावरच्या गोळ्यांचा आकडा देशाच्या सरासरीइतका असणे पुरेसे कसे मानायचे? ती सरासरीच उपचार न मिळालेल्यांनी बनलेली आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, काम सुचत नाही असे सांगणाऱ्या माणसाला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईन आणि व्हिटॅमिन मिळते, तेव्हा एका जास्तीच्या सुईची नोंद होते आणि एक न दिलेली गोळी कुठल्याच रकान्यात येत नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, वर्षभर रक्तदाबाच्या गोळीसाठी कोणी आलेच नाही, तर तेथल्या डॉक्टरचा दर रुग्णामागचा औषधांचा आकडा कमी, म्हणजे छान, दिसेल.

यावर जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. स्थानिक परिस्थिती, स्थानिक परिस्थिती म्हणत राहिले की कोणत्याही चिठ्ठीचे समर्थन करता येते. मग मोजायचे तरी कशाला? याचे उत्तर मोजमापाचा विषय नीट निवडण्यात आहे. काही आजार असे असतात की त्यांना जागेने फरक पडत नाही. नाक वाहते, घसा खवखवतो, ताप कमी, छाती मोकळी, श्वासाचा वेग सामान्य, अशा रुग्णाला अँटिबायोटिक लागत नाही. मारेगावात नाही आणि मुंबईतही नाही. रक्त न पडणारे साधे जुलाब होणाऱ्या लेकराला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक लागते. तिथेही कपाशी, गवत, जंगल यांचा संबंध नाही. तुलना करायची तर अशा दोन-तीन आजारांवर करावी. सर्दी-खोकल्याच्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना अँटिबायोटिक गेले आणि जुलाबाच्या किती मुलांना झिंक मिळाले, या दोन प्रश्नांची उत्तरे एकूण सरासरीपेक्षा कितीतरी जास्त बोलकी आहेत. त्यात फवारणीची ढाल पुढे करता येत नाही. आणि दुसऱ्या प्रश्नात जास्त लिहिणारा डॉक्टर चांगला ठरतो, त्यामुळे कमी तेवढे बरे हा भाबडा नियमही आपोआप गळून पडतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: रुग्णच सुई मागतो, न दिली तर शेजारच्या दवाखान्यात जातो. हे खोटे नाही. रोजी बुडवून जो आला आहे त्याला उद्या पुन्हा येणे परवडत नाही. एका फेरीत बरे वाटले पाहिजे हा त्याचा आग्रह हिशेबी आहे, अडाणीपणाचा नाही. डॉक्टरच्या बाजूनेही भीती असते. शंभरातल्या एखाद्या सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि रस्ते चिखलाने बंद असताना रात्री तो उलटला, तर गाव कोणाला धरेल? वीसेक किलोमीटरवरच्या वणीपर्यंत नेण्याची वेळ आलीच, तर गाडी कोण देईल? या भीतीतून लिहिलेली अँटिबायोटिकची ओळ मी हलकी मानत नाही. पण या भीतीचा भार सगळ्या चिठ्ठ्या उचलू शकत नाहीत. पॅन्टोप्रॅझोल-डोमपेरिडोन कुठल्या भीतीतून येते? व्हिटॅमिनची गोळी कोणता न्यूमोनिया टाळते? शिवाय रुग्णाची मागणी आभाळातून पडलेली नाही. सुईने बरे वाटते हे त्याला दवाखान्यांनीच वर्षानुवर्षे शिकवले. जे शिकवले गेले ते बदलताही येते, फक्त एकट्या डॉक्टरला ते जमत नाही. त्याचे शेजारीही बदलले तरच त्याचे रुग्ण टिकतात. म्हणूनच तुलना एकेका डॉक्टरची देशाशी न करता तालुक्यातल्या डॉक्टरांची एकमेकांशी करावी असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये हे करून पाहिले गेले आहे. 2014 मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने, अँटिबायोटिक्स लिहिण्यात आपापल्या विभागात वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या दवाखान्यांपैकी काहींना पत्रे गेली. पत्रातले मुख्य वाक्य असे की तुमच्या भागातले 80 टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक्स लिहितात. दंड नव्हता, धमकी नव्हती. सहा महिन्यांत त्या दवाखान्यांचा आकडा पत्र न गेलेल्या तशाच दवाखान्यांपेक्षा 3.3 टक्क्यांनी कमी राहिला. तुलना ‘तुमच्या भागातल्या’ दवाखान्यांशी होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देशाच्या सरासरीला डॉक्टर ‘आमच्याकडचे रुग्ण वेगळे’ असे उत्तर देऊ शकतो, शेजाऱ्याच्या आकड्याला ते देता येत नाही. मारेगावसाठी शेजारी म्हणजे झरी जामणी, पांढरकवडा, राळेगाव. वणी जवळची असली तरी तिथे कोळसा खाणींमुळे रुग्णांचे स्वरूप थोडे निराळे, पण सर्दी-खोकल्यापुरती तीही चालेल. अमेरिकेतून मात्र एक सावधगिरीचा धडा मिळतो. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने 2013 मध्ये मेडिकेअर योजनेतल्या डॉक्टरांच्या औषध लिहिण्याचे आकडे नावानिशी लोकांपुढे ठेवले. हेतू उत्तम होता. पुढे त्या संस्थेलाच सांगावे लागले की काही लोक या यादीचा उपयोग अफूजन्य वेदनाशामके सहज लिहून देणारा डॉक्टर शोधायला करतात. मारेगावात सर्वाधिक सुया देणाऱ्या डॉक्टरचे नाव छापले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे रांग कमी होईल की वाढेल? म्हणून नावानिशी तक्ता डॉक्टरच्या हातात बंद पाकिटात जावा आणि तालुक्याचा एकत्रित आकडा लोकांसमोर, ग्रामसभेपर्यंत, यावा. सरकारी रुग्णालयाचा आकडा मात्र उघडच असावा. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, तो पैसा लोकांचा आहे.

मग चिठ्ठ्या मिळणार कुठून? सरकारी बाजूला ओपीडीची नोंदवही, केसपेपर आणि औषध भांडाराची वही आहे. खासगी बाजूला कायद्याने एक दार उघडले आहे, ते फारसे कोणी वापरत नाही. 1 मार्च 2014 पासून औषध नियमांतल्या एच-वन परिशिष्टातली औषधे विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम हे सगळे त्या मूळ यादीत आहेत. देशात सर्वाधिक खपणारी अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी मात्र तीत नव्हती, आणि हे भोक मोठे आहे. त्याहून मोठे भोक पुडीचे. गावाकडच्या पुष्कळ दवाखान्यांत तपासणीची फी, सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळून एकच रक्कम घेतात. डब्यातल्या सुट्या गोळ्या कागदाच्या चौकोनात बांधून दिल्या जातात. त्यावर नाव नाही, मात्रा नाही, मागे कागद नाही. आपल्याच रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला त्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही, त्यामुळे केवळ औषध देणे बेकायदा नाही. पण पुडीतून गेलेले औषध कोणत्याही चिठ्ठ्यांच्या मोजणीत येत नाही. जो डॉक्टर प्रामाणिकपणे चिठ्ठी लिहितो तोच मोजणीत सापडेल आणि पुडीवाला स्वच्छ दिसेल.

हे अवघड आहे, पण महाराष्ट्रात अशक्य ठरलेले नाही. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेतर्फे नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास केला होता. संगणकीय बिले नव्हती, मोबाइल नव्हते. एका जिल्ह्यात किती औषध येते, किती गरजेचे असते आणि किती वाया जाते हा प्रश्न तेव्हा विचारता आला. आज बहुतेक मेडिकलवर बिल छापणारे यंत्र असताना तो प्रश्न एका तालुक्यापुरता विचारायला सबब उरत नाही. आशा कार्यकर्ती घरोघर जातेच. पुडीच्या बाबतीत घरातल्या माणसाला ‘किती गोळ्या, किती रंगांच्या, सुई दिली का’ एवढे तीन प्रश्न विचारले तरी कागद नसल्याची उणीव बरीच भरून निघते.

संख्येचा एक जपून वागण्याचा मुद्दा राहतो, कारण घाईने काढलेला आकडा माणसाचे नाव घालवतो. एका डॉक्टरच्या शंभर चिठ्ठ्या तपासून 45 मध्ये अँटिबायोटिक निघाले, तर केवळ योगायोगाने तो आकडा 35 ते 55 मध्ये कुठेही असू शकला असता. शेजाऱ्याचे 38 निघाले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. सहाशे चिठ्ठ्या घेतल्या तर ही ढिलाई चारेक टक्क्यांवर येते. म्हणून एका दिवसाची झडती नको. जानेवारीत तीनशे आणि सप्टेंबरात तीनशे, दोन्ही वेळा फक्त सर्दी-खोकला आणि साधे जुलाब, आणि शेजारच्या तालुक्यांत त्याच महिन्यांत तेवढेच. मोजणारा माणूस तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयातला असला तरी पहिला तक्ता त्याने ग्रामीण रुग्णालयाचा मांडावा. खासगी डॉक्टरांच्या बैठकीत तो आधी भिंतीवर लागला, मग बाकीच्यांची पाकिटे वाटली, तर पाकीट उघडणाऱ्याला आपल्यालाच वेचून काढले असे वाटणार नाही.